लेकीच्या घरची भाकर

शहादा, ता. ११ डिसेंबर २०२४

श्री. नवनीत यांना दीपमालाचा स. न. वि. वि.

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन सोमवारी नीट झालं. फोन करावा तर तुमच्या आश्रमशाळेला रेंज नाही आणि आपल्या दोन खोल्यांत आडोसा नाही, म्हणून धडगावला जाणाऱ्या धुडकूच्या जीपने पत्र पाठवतेय.

आईला आठ दिवस इथंच राहायचंय. राहिलीय, पण जेवत नाही. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्न खायचं नाही, हा तिचा नेम. भाऊ म्हसावदहून एसटीने डबा पाठवतो, तो दुपारी एकला पोचतो. तोवर गोळ्या उपाशीपोटी. आज भाकर पुढे केली तर म्हणाली, ‘पोरगं व्हऊ दे, मंग जेवसू.’ सात वर्षं हेच ऐकतेय.

त्यात तुम्ही रंजिताताईंना सारंगखेड्याच्या यात्रेसाठी बोलावून मोकळे! बहीण तुमची, पाहुणचार माझा, आणि मला कळलं त्यांच्याच तोंडून. कुणी कुठं झोपायचं?

आईला खरं सांगू का? तुमच्या होकाराशिवाय सांगणार नाही. लोभ असू द्या.

तुमची,
दीपमाला

धडगाव, ता. १२ डिसेंबर

प्रिय दीपमाला, अनेक आशीर्वाद (नवऱ्याचे चालत असतील तर).

चुकलो. रंजिताने विचारलं आणि तोंडातून ‘ये’ निघून गेलं. पण आईंना आणताना तू तरी मला कुठं विचारलंस? फिट्टंफाट.

वसतिगृहाची पाळी माझ्याकडे आहे, येता येत नाही. एक सुचतं. रंजिताने येताना पीठ आणावं आणि भाकरी तिनेच टाकाव्यात. मग ते लेकीचं अन्न कसं?

ते दुसरं मात्र आत्ता नको. मला म्हसावदला तोंड दाखवायचंय गं. राग नसावा.

तुझा,
नवनीत

शहादा, ता. १४ डिसेंबर

श्री. नवनीत यांना नमस्कार.

तुमची युक्ती चालली. ताईंनी भाकरी टाकल्या, आई पोटभर जेवली. तवा माझा, गॅस माझा, मी शेजारी पाण्याचा तांब्या घेऊन उभी. आनंद व्हायला हवा होता, पण मला तुमचा भयंकर राग आला.

मूल न होण्याचं कारण तुमच्यात आहे, असं डॉक्टरांनी चार वर्षांपूर्वी सांगितलं. कुणाला सांगायचं नाही, हे आपण दोघांनी ठरवलं. ठरवलं दोघांनी, पण बोलणी मी एकटी खाते. काल आईने ताईंसमोर मला आणखी एक नवस सांगितला. ताईंनीही मान डोलावली. मला तिथं बसवेना.

लोभ आहेच. वाढवायचा की नाही, ते तुम्ही बघा.

दीपमाला

धडगाव, ता. १५ डिसेंबर

ती. सासूबाईंना शि. सा. न. वि. वि.

तुमच्या डोळ्यांना ताण नको, म्हणून हे पत्र रंजिताने वाचून दाखवावं. दीपमालाने नाही. रंजे, मध्ये थांबू नकोस.

आम्हाला मूल होणार नाही. कारण मी आहे, तुमची लेक नाही. मला लाज वाटली म्हणून तिला गप्प बसवलं, आणि ती तुमचे नवस करत राहिली. तुम्ही मुलासाठी थांबलात तर आमच्या घरी कधीच जेवणार नाही. रागवायचं तर माझ्यावर रागवा. पाळी संपली की समोर येऊन उभा राहतो.

आपला जावई,
नवनीत

शहादा, ता. १६ डिसेंबर

प्रिय नवनीत यांना स. न. वि. वि.

ताईंनी पत्र वाचलं. दोनदा अडखळल्या, पण थांबल्या नाहीत. नंतर ताई माझ्याकडे बघेनात. आईने एवढंच विचारलं की मला हे केव्हापासून माहीत होतं. मी म्हणाले, चार वर्षं. ती पदर चष्म्याखाली न्यायला लागली, मी हात धरला. डोळ्याला हात लावायचा नाहीये ना.

थोड्या वेळाने ताई पीठ मळायला बसल्या तर आईने त्यांना उठवलं. मला म्हणाली, ‘तू टाक माय, भूक लागनी माले.’

तिच्याकडे बघता बघता पहिली करपली. दुसरी होईपर्यंत तरी थांब, असं मी तिला म्हटलं. ती थांबली नाही.

लवकर या.

तुमचीच,
दीपमाला