हातभर कमी दोरी

१७ नोव्हें.
दिवाळीची सुट्टी संपली, बोर्डिंगच्या मुली परतल्या. दिवसभर शिवणखोलीत नवीन मोज्यांवर, टॉवेलांवर लाल दोऱ्याने मुलींचे नंबर घातले. खिडकीतून ग्राउंड दिसतं. हे वारल्यापासून ग्राउंडचं काम विलासकडे आहे. चुना मारताना त्याच्या हातात टेप. यांच्या हातात दोरी असायची.

१९ नोव्हें.
विलास दारात येऊन उभा राहिला. बोलू की नको असं चाललेलं. मग म्हणाला, "राग नका धरू काकू, पण काकाची डी हातभर लहान हाय. इतकी वर्षं कोनी मोजलीच नाही काहून?"
डी म्हणजे गोलसमोरची गोलाई. हॉकीत तिच्या आतून मारलेलाच गोल धरतात. मी म्हटलं, तुझी टेप तपास आधी.
टेप बरोबर असणार. मला माहीत आहे.

२० नोव्हें.
इथे तरी खरं लिहिते. दोरी मी कापली. आईसाठी गादी उमरेडच्या एसटीच्या टपावर पाठवायची होती, बांधायला काही सापडेना. यांची दोरी खिळ्याला होती. वाटलं, लांबच लांब आहे, हातभर गेली तर काय. गोलपोस्टला फास अडकवला की उरलेली पूर्ण दोरी म्हणजेच डीचं माप, हे मला कुठे ठाऊक. बारा-तेरा वर्षं झाली असतील. यांनी कधी विचारलं नाही, म्हणजे कळलं नसावं.

२४ नोव्हें.
स्टाफरूममध्ये हसणं झालं म्हणे. म्हाताऱ्याला मोजता येत नव्हतं. चौथी शिकलेला माणूस, येईल कुठून.
दुपारी उठले आणि सुनीता मॅडमकडे गेले. याच बोर्डिंगची मुलगी, आता हॉकी शिकवते. कबूल करायलाच गेले होते. तीच आधी बोलली. डोळे भरलेले, तोंडावर हसू. "काकू, म्हणून तर. इथल्या लहान डीची सवय, त्यामुळे बाहेर मॅचला आम्ही डीत एक पाऊल जास्त आत जाऊनच मारायचो. आमचा गोल कधी बाद झाला नाही. काकांनी मुद्दामच लहान ठेवली होती ना?"
कबूल न करताच शिवणखोलीत परतले.
स्पोर्ट्स डेला ती हे सगळ्यांना सांगणार. दोरी ट्रॉफीच्या कपाटात ठेवायची म्हणते.

२६ नोव्हें.
शाळेच्या लायब्ररीतून आणलेली कादंबरी पुढे जाईना. पुस्तकांत माणूस गेला की मागचे त्याला हवा तसा उभा करतात. वाचताना मला राग यायचा. आता माझ्यावरच आलं आहे. अडाणी म्हटलेलं सहन होत नाही. हुशार म्हटलेलं गोड लागतं, पण ते खोटं. आणि माझ्या गप्प बसण्याने खोटं.

२९ नोव्हें.
पेटीतून दोरी काढली. कापलेलं टोक पाहिलं. सुटू नये म्हणून लाल दोऱ्याने घट्ट गुंडाळलेलं, वर बारीक गाठ. हा दोरा माझ्याच डब्यातला, मला न सांगता घेतलेला. शाळेत दुसरीकडे कुठे नाही.
म्हणजे यांना माहीत होतं. दोरी कापली हेही, कोणी तेही. तरी दर शनिवारी त्याच दोरीने डी आखली.
मला बोलणी बसू नयेत म्हणून? की मुलींचं ते एक पाऊल यांनाही दिसलं होतं? की नवीन दोरी मागायचा कंटाळा? तेही यांच्यात बसतं.
मोठ्याने विचारलं, "अहो, काहून?" कुकरची शिटी झाली. गॅस बंद केला.

५ डिसें., सकाळ
आज स्पोर्ट्स डे. विलास येऊन गेला. "मॅचची डी टेपनं आखली काकू. मागच्या सरावाच्या ग्राउंडले कोनतं माप धरू? तुम्ही सांगान तसं." म्हटलं, दहानंतर सांगते.
दहाला माइकवर दोन शब्द बोलायचे आहेत, दोरी देताना. दोरी मांडीवर आहे. पहिलं वाक्य पाठ केलं. ही मी कापली.
दुसरं यांच्याबद्दलचं. ते अजून सुचत नाही.