रोपाचे आभार मानत नाहीत

प्रिय टॅमसिन,

तुझं पोस्टकार्ड मंगळवारी आलं. सव्वा वर्षानं चार ओळी, आणि त्याही बीचच्या झाडाखाली काय लावावं हे विचारायला! तरी मी ते शेकोटीवरच्या फळीवर घड्याळाला टेकवून ठेवलंय आणि येता-जाता वाचतेय. डंकनशी तुझं मोडलं, तू हेरेफर्डला राहायला गेलीस, तेव्हापासून मला एकच धास्ती होती, की मुलाच्या संसाराबरोबर माझी सूनही गेली ती कायमचीच. तुला झाडापाशी का होईना, माझी आठवण झाली. मला फार बरं वाटलं गं.

तर आधी तुझ्या अंगणाचं बघू. पुढच्या दारी बीचखाली डेल्फिनियम लावलेस आणि सगळे माना टाकून पडले, असं लिहितेस. पडतील नाही तर काय! बीच म्हणजे महा आप्पलपोटा. पाऊस वरच्या वर पानांवर झेलतो, खालचं पाणी मुळांनी पिऊन टाकतो, आणि पायाशी उभ्या असलेल्याला थेंब देत नाही. तिथे उन्हाची हौस असलेलं काही लावायचंच नाही. माझ्या मागच्या दारचं ते गुलाबी जिरेनियम आठवतं ना, पान चुरगळलं की उग्र वास येतो ते? ते लाव. मारू म्हटलं तरी मरत नाही मेलं. त्याच्या शेजारी एपिमीडियम लाव, म्हणजे वसंतात पिवळी फुलं नाजूक काड्यांवर डोलतील. फक्त फेब्रुवारीत त्याची जुनी पानं काप, नाहीतर फुलं आतल्या आत गुदमरतात. बीचची मुळं तोडत बसू नकोस, मुळांमध्ये जागा सापडेल तिथे कुजलेल्या पानांचं खत घालून लाव. आणि पहिले दोन उन्हाळे न चुकता पाणी घाल. लोक पहिल्याच उन्हाळ्यात धीर सोडतात आणि वर सावलीच्या नावानं बोटं मोडतात. एकदा मूळ धरलं की ही झाडं तुझ्याकडे काही मागायची नाहीत.

मागच्या भिंतीच्या उन्हात मात्र सगळं उलटं. तिथे कॅटमिंट, सीडम आणि ते निळं काटेरी एरिंजियम लाव, आणि खताकडे ढुंकूनही बघू नकोस. जास्त लाड केले की सीडम मधूनच फाकून आडवा होतो. माझ्या मुलाचंही तेच झालं असावं, पण ते माझं मी बघेन. शेजारचे मिस्टर पग आत्ताच कुंपणावरून विचारत होते, म्युरियल, कोणाला एवढं पुराण लिहितेस? तुझं नाव सांगितलं तर म्हणतात, तिला विचार मांजर पाळलंय का, असेल तर कॅटमिंटवर लोळून चटई करून ठेवील. आणि तुझी ती लाल केसांची पोरगी येणार कधी गं? मी म्हटलं, येईल. त्यांना काय, ते म्हातारे अजून तुला माझी पोरगीच समजतात. मीही त्यांना कधी सुधारलं नाही.

तुझ्या लग्नानंतरचा पहिला सप्टेंबर आठवतो का? मी याच जिरेनियमचा गड्डा फोडून अर्धा तुझ्या हातात दिला, तू शहाण्यासारखी आभार मानायला तोंड उघडलंस, आणि मी किंचाळले. तुला वाटलं, सासूचं डोकं फिरलंय! आमच्याकडे दिलेल्या रोपाचे आभार मानत नाहीत, मानले तर ते धरत नाही, हे तुला शहरात कोण सांगणार? तोवर बोलून बसली होतीस, आणि रोप गेलंच. खरं तर तू ते पाण्यात बुडवून मारलंस, पण मी अजून दोष आभारांनाच देते. पुढे तू शिकलीस. रोप घ्यायचीस, नाक मुरडून “हे काय, एवढंसंच?” म्हणायचीस, आणि मला हसू आवरायचं नाही. मग मागच्या वर्षी सामान गाडीत भरून झाल्यावर दारात उभी राहून म्हणालीस, “सगळ्याबद्दल आभार, म्युरियल.” परक्या घरी चहा प्यायल्यावर म्हणावं तसं. तू वळून बघितलं असतंस तर मी रडताना दिसले असते.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. डंकन मार्चमध्ये लग्न करतोय. तिचं नाव रोवेना, शाळेत शिकवते. मला तिच्यात खोट काढायची होती, पण सापडली नाही. हे तुला बाजारात कोणा तिऱ्हाईताकडून कळू नये, म्हणून मीच सांगतेय. डंकन म्हणतो, आई, टॅमसिनचा नाद सोड आता. मी म्हटलं, तुझी बायको तू सोडलीस, ते तुझं तू जाण. माझी मुलगी सोडायला मला कोणी सांगायचं नाही. तर सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी मी जिरेनियम खणून त्याचे गड्डे फोडणार आहे. यायचं नसेल तर मी समजून घेईन, पण ये गं. जुने कपडे घालून ये; तुझं खुरपं अजून शेडमध्ये त्याच खिळ्यावर आहे. दोन्ही हात भरतील एवढी रोपं देईन, आणि निघताना दारात आभार मानायचे नाहीत. “हे काय, एवढंसंच?” म्हणायचं.

अजूनही तुझीच,
म्युरियल