खिडकीजवळचा तुकडा

बाबा,

स्वयंपाकघराच्या लाकडी जमिनीवर सहा ठिकाणी चहाचे आणि तेलाचे थेंब होते. ते सांडलेले नव्हते, मी मोजून टाकले होते. सहा तुकड्यांवर लावलेल्या सहा पॉलिशांपैकी कोणत्यावर डाग पडत नाही, हे चोवीस तासांनी पाहायचं होतं. तेविसाव्या तासाला तुम्ही सगळं लख्ख पुसलंत आणि लेबलंही सोलून टाकलीत. माझ्या मेहनतीवर पाणी फिरलं, तेही गरम आणि साबणाचं.

मी चिडलेली नाही. काल दार वाऱ्याने आपटलं. खिडक्या बंद होत्या, तरी वाऱ्यानेच.

पॉलिशवाले काका दहाला येऊन माझ्याबद्दल विचारतील, "ताई कुठंयत? कुठलं लावू?" आज ठरलं नाही तर ते महिनाभर मिळणार नाहीत आणि शेगडी दिवाणखान्यातच राहील. मला प्रयोगशाळेत जाणं भाग आहे. त्यांना खिडकीजवळचा तुकडा दाखवा, ते बघून पॉलिश ओळखतील.

आई गेल्यापासून तुम्ही स्वयंपाकघरात बसत नव्हता. गेले चार दिवस तुमची खुर्ची त्याच तुकड्यावर असते.

डाग पडले तर पडू देत. पुसायला तुम्ही आहातच.

— धाकटी