पाला खाणाऱ्याला सुळे

सातपूर, मंगळवार

ती. आईस नमस्कार,

मी बरी आहे, वेळेवर जेवते. तुझी साखर तपासलीस का? खरं सांग.

बागेत ठेवायचा फायबरचा डायनासोर काल रंगवून झाला. लांब मानेचा, पाला खाणारा. डोळे आपल्या तांबू गायीसारखे शांत केलेत. तर मालक म्हणतात, "ताई, ही तर म्हैस झाली. सुळे लावा, तोंडाला रक्त दाखवा."

"अहो, हा पाला खायचा."

"मग याला बघायला तिकीट कोण काढेल?"

वैताग आहे नुसता. सुळे बसवण्यात शनिवार जाणार, आणि शनिवारीच तुझं मोतीबिंदूचं ऑपरेशन. सुट्टी मागितली, तर म्हणे आधी सुळे.

शेवटी सुळ्यांचा साचा त्यांच्याच हातात दिला. शुक्रवारी नांदगावला येते. काम गेलं तर दुसरं बघू. तुझ्या डोळ्यांत थेंब मीच घालणार.

तुझी,
रंजू