आक्काच्या पुस्तकाची नोंद

रविवार, संध्याकाळ. अनगोळ.

डोकं अजून तापलंय. ज्ञानकोशाच्या संपादकांचा फोन आलता. आक्कानं, माझ्या थोरल्या बहिणीनं, एक जुनी गाजलेली बालकादंबरी आपल्या बोलीत नव्यानं लिहिली. त्या पुस्तकावर मी लिहिलेली नोंद ते काढून टाकणार. म्हणाले, "पुनर्लेखनाला वेगळी नोंद कशाला? मूळ पुस्तकाच्या नोंदीत एक ओळ घालू."

एक ओळ! मूळ पुस्तकातली मुलगी बेटावर वडिलांच्या जहाजाची वाट बघत बसते. आक्काची मुलगी स्वतः होडी बांधून निघते. खानापूरकडच्या शाळांत पोरं त्याचं नाटक करतात, वर्तमानपत्रांत परीक्षणं आली. हे एका ओळीत कसं मावायचं? की बहीण म्हणून मीच आंधळी झालेय? न्हाय. परीक्षणं काय मी लिहिली?

आक्का म्हणाली, "ऱ्हाऊ दे गं. पोरं वाचत्यात, लई झालं."

तिला झालं असेल, मला न्हाय. परीक्षणांचे संदर्भ जोडून नोंद परत पाठवली आणि संपादकांना फोनच केला. "ही दुसरी गोष्ट आहे. काढायची तर कारण लिहून, तुमच्या नावानं काढा."

ते म्हणाले, "पुस्तकाची प्रत पाठवा. आधी वाचतो."

म्हणजे वाचलंच नव्हतं!