बिनआजीची सिरियल

३ नोव्हेंबर
आजपासून रोजनिशी. मी सांगीन, मिनल लिहीन. मिनल माही नात, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाले. मले अक्षर येत नाही, पण त्यानं आजवर काही अडलं नाही. अट एकच, सांगितलं तसंच लिहायचं अन् हसायचं नाही. (हसली. तेही लिही वं.)
संकल्प दोन. चहात साखर अर्धा चमचा. अन् होळीच्या आत चेतनचं लग्न. चेतन मिनलचा मोठा भाऊ, एकोणतीसचा, इथंच सदर भागातल्या ऑफिसात आहे. मी मनावर घेतलं की होतेच.

५ नोव्हेंबर, सायंकाळी
चेतन मोबाइलवर कोरियाची सिरियल दाखवून राहिला. आठ भाग, बारा-बारा मिनिटांचे. एक बुटका, पाव भाजणारा. एक उंच, फ्रीज दुरुस्त करणारा. दोघं पोरं, अन् जीव एकमेकांवरच. खाली इंग्रजी अक्षरं येतात, ती चेतन मले आपल्या बोलीत सांगते.
मले धक्का बसन असं त्याले वाटलं होतं. सिरियल सोडून माह्या तोंडाकडेच पाहत होता. म्हटलं, तिकडे पाह्य गा, पाव करपून राहिला.
तिकडे चालत असन तसं. मी काही मागासलेली नाही.

६ नोव्हेंबर
सिरियल स्वस्तातली आहे. दुकान एक, खोली एक. गिऱ्हाईक दोन, रोज तेच. बर्फ फक्त खिडकीपुरतं पडते. हिरवं स्वेटर पहिल्या भागात उंचाच्या अंगात होतं, तिसऱ्यात बुटक्याच्या. चेतन म्हणे, आजी, ते प्रेमानं दिलं असन. म्हटलं, बाही आखूड करायचेही पैसे नव्हते त्यांच्याजवळ. जन्म हातमागाजवळ गेला माहा, कापड मले शिकवू नको.
साखर एक चमचा. थंडी आहे.

८ नोव्हेंबर
चांगलंही सांगितलं पाहिजे. घाई नाही त्यांच्यात. बुटका न पाहता कप पुढे करते, उंच न पाहता घेते. बोलणं काहीच नाही. तुहे आजोबा हातमागावर बसत, तेही तसेच होते. मी मागे बसून कांड्यांवर सूत भरे. धोट्यातल्या कांडीवरचं सूत संपलं की ते नुसता हात मागे करत, अन् भरलेली कांडी त्या हातात. तीस वर्षं मागे वळून पाहिलं नाही त्यांनी. जिचा हात कुठं आहे हे ठाऊक असते, तिच्याकडे पाहावं लागत नाही. हे त्या कोरियावाल्याले कळलं, म्हणून त्याले पास केलं.
नापास एका गोष्टीत. दोघांच्या घरचं कोणीच दिसत नाही. माय नाही, बाप नाही. म्हटलं, एक म्हातारी ठेवायले काय लागते. चेतननं मोबाइल खाली ठेवला. मग म्हणे, आहे आजी, सहाव्या भागात येते.

१० नोव्हेंबर
सहावा भाग. आजी आली, पण फोनवर. दिसली नाही. कंजूष लोक.
बुटक्यानं फोन कानाले लावला. चेतन सांगत गेला. तो विचारून राहिला म्हणे, आजी, मी त्याले घरी आणलं तर जेवू घालशील का? पाहुणा म्हणून नाही, माहा माणूस म्हणून.
इथं चेतननं सिरियल थांबवली. मले विचारलं, तू काय म्हटलं असतं?
मले अशा वेळी लगेच सुचते. म्हटलं, तिच्या जागी मी असती तर फोनच ठेवला असता. म्हटलं, माह्या घरी पोरगी आण, मग ताट मांडते.
चेतन हसला. मग म्हणे मोबाइलची बॅटरी संपली, बाकी उद्या. मिनल म्हणते सत्तर टक्के होती. तिले काय करायचं.

१६ नोव्हेंबर
बाकीचे दोन भाग राहिलेच. चेतनले काम आहे रोज.
मी बसून नाही राहिली. काटोलचे वामनराव आपल्याच समाजातले, संत्र्याचे व्यापारी. त्यांची गोपिका चांगली आहे. चेतन ऐकत नाही, म्हणून अनिशले पकडलं. अनिश चेतनचा मित्र, दर रविवारी येते, माह्या हातच्या कोथिंबिरीच्या सांबारवड्या खाते. म्हटलं, तुह्याशिवाय तो कोणाचं ऐकत नाही, तूच घेऊन जा पोरगी पाहायले. वडी त्याच्या हातातच राहिली. मग म्हणे, नेतो आजी.
गुणी पोरगा. पुढचा नंबर त्याचा लावते.

२३ नोव्हेंबर
दोघं काटोलले जाऊन आले. जमलंच समजा.
साखर दोन चमचे, आनंदाच्या.

२५ नोव्हेंबर
वामनरावांचा फोन. गोपिका नाही म्हणते. कारण विचारलं तर म्हणे, समोर संत्री ठेवली होती. चेतननं एक सोललं, पांढरे धागे काढले, अन् फोडी अनिशच्या हातावर ठेवत गेला. न पाहता. त्यानंही न पाहता खाल्ल्या. गोपिका बापाले म्हणे, इथं माहं काम नाही.
हे काय कारण झालं? संत्रं सोलून देणं हे तर वळण आहे.
मिनल लिहायची थांबली आहे. लिही वं. लिहून नाही राहिली.

३० नोव्हेंबर
चेतननं पुण्याले बदली आधीच मागितली होती म्हणे, ती मिळाली, काल गेला. अनिशलेही तिकडेच काम लागलं. खोली एकच घेतली. सोबत बरी असते.
आज रविवार. वड्या उरल्या.

७ डिसेंबर
फोन मीच लावायले सांगते. बरा आहे म्हणे. जेवला म्हणे. मग ऑफिसचं काम येते. रविवारीही येते.
पोरगी पाहणं थोडं थांबवलं. मुहूर्त बरे नाहीत.

१४ डिसेंबर
मिनलले म्हटलं, तू वाचून दाखव, सिरियल संपवून टाकू. पण आधी सहावा लाव. त्या आजीनं काय उत्तर दिलं, ते मले ऐकायचं आहे.
मिनलनं लावला. बुटक्यानं फोन कानाले लावला. मिनल खालची अक्षरं वाचे अन् माह्याकडे पाहे. म्हटलं, सांग. म्हणे, आजी, तो मैदावाल्याशी बोलून राहिला. एक पोतं उद्या पाठवा, एवढंच आहे.
म्हटलं, नीट वाच. तिनं दोनदा वाचलं. मग पुढचे दोन्ही भाग पाहिले. आजी कुठंच नाही. शेवटी दोघं पोरं, एक खोली, अन् घरचं कोणी नाही.
मिनलले विचारलं, तुले ठाऊक होतं? म्हणे, हो आजी. म्हटलं, मग मले काहून नाही सांगितलं? म्हणे, दादानं विचारलं होतं ना तुले.
हेही लिही.

१५ डिसेंबर, सकाळी
दोनदा फोन लावला. उचलला नाही.
मिनलले म्हटलं, तो सहावा भाग पुन्हा लाव. बुटक्यानं फोन कानाले लावला. ह्या वेळी मी बरोबर बोलली. म्हटलं, घेऊन ये गा, दोघांचं ताट मांडते.
त्यानं मान हलवली अन् फोन ठेवला. मैदा उद्या येणार होता.