दोन्हीकडे राखाडी कपडे

१३ जानेवारी, कारापूर
निखिलचा पुन्हा तोच हट्ट! हा आमचा मुंबईचा दिग्दर्शक. सिनेमा यादवी युद्धाचा, देश काल्पनिक, दोन्ही सैन्यांना राखाडी कपडे. कोण कशासाठी लढतंय ते एकदाही सांगायचं नाही. गावातली माणसं मी आणून दिली, संवाद इथल्या बोलीत मी बसवले. तरी कारण विचारलं की म्हणतो, "गौरवी, सिनेमाने बाजू घ्यायची नसते."
भित्रा.

१४ जानेवारी
उद्या बंद खाणीवर मारामारीचा सीन. एका बाजूला माझा भाऊ रुद्रेश आणि शेतकरी, दुसरीकडे ट्रकवाले. निखिलला म्हटलं, ही वाटणी नको. खाण पुन्हा सुरू व्हावी की नाही, यावरून ही माणसं खरोखर भांडतात. खाणीच्या मातीने आमची शेतं गेली, खाण बंद पडली तसे त्यांचे ट्रक गंजले.
तो खूश. म्हणे, "मग चेहऱ्यावर खरा राग येईल."

१५ जानेवारी
रबराचे दांडे टाकून लाकडाचे उचलले. रुद्रेशचं डोकं फुटलं. कॅमेरा चालूच होता!
मारणारा गुरुदास — दोडामार्गचा, ट्रक चालवतो. पोलिसांनी नेला. त्याची आई देवकी हॉस्पिटलच्या दारात माझा हात धरून म्हणाली, "बाय, माझ्या झिलान सुरवात करूक नाय गो." मी हात सोडवून घेतला.

१७ जानेवारी
निखिलकडे चित्रण मागितलं. आधी कोण धावून गेलं ते त्यात असणारच. देत नाही. "मी कुणाच्याच बाजूचा नाही."
माझ्या भावाचं रक्त सांडलं तरी नाही? थुंकावंसं वाटलं त्याच्यावर. सांगितलं, सिनेमातून माझं नाव काढ.

१८ जानेवारी
रुद्रेशला त्या दिवसाचं विचारलं की भिंतीकडे तोंड करतो. "सोड गो तें, ताई." आई म्हणते, पोर घाबरलंय.
गुरुदास सडू दे आत.

२० जानेवारी
शीतल या सिनेमाचं एडिटिंग करते. निखिलच्या नकळत तिने चित्रण दाखवलं.
गुरुदास पाठमोरा होता. पहिला दांडा रुद्रेशचा. दुसराही. मग तो वळला.
निखिलने हे कधीच पाहिलं होतं. गप्प राहून तो इतके दिवस माझ्या भावाची बाजू घेत होता.
मोबाइलवर घेतलंय. पोलिसांकडे निघाले. आईला सांगितलेलं नाही.